कंपाउंडच्या पॅनेलआधी ती ‘एफडी’ बघा

एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. घरामागच्या बागेला पंधरा वर्षांपूर्वी प्रीकास्ट, म्हणजे तयार सिमेंटच्या पॅनेलांचं, कंपाउंड घातलेलं. नऊ पॅनेल तडकलीत, त्यातली दोन तर शेजारच्या आवारात पडलीत. एक ठेकेदार म्हणतो, खांबांसकट सगळं नवं करा, 2 लाख 60 हजार. दुसरा नऊ पॅनेल बदलायचे 24 हजार सांगतो. सर विचारतात, सगळं नवं करू का? आणि त्यासाठी बँकेतल्या 4 लाखांच्या एफडीवर कर्ज काढू का? बँकवाले म्हणतात, ‘अजून एक वर्ष भरा, मग बघू.’

सर, कंपाउंडचं उत्तर सोपं आहे. खांब ओळंब्यात आहेत का बघा. त्यांवर गंजाचे तांबडे ओघळ, उभ्या चिरा किंवा ढपले निघालेत का, तेही बघा. यातलं काही नसेल तर खांबांना हात लावू नका. पॅनेल खांबांच्या खाचेतून वरून सरकवलेली असतात, त्यामुळे वरची उचलून तडकलेली काढता येतात. ऑर्डर देण्याआधी खाचेपासून खाचेपर्यंतचं अंतर दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यात वर आणि खाली मोजून घ्या. पंधरा वर्षांत खांब थोडेफार कलतात, आणि अर्धा इंच जास्त लांब पॅनेल खाचेत बसतच नाही. सात फुटी, फूटभर उंच, दोन इंच जाड पॅनेल सत्तर-ऐंशी किलोचं भरतं, तेव्हा हे दोघा-तिघा माणसांचंच काम. खांब ठीक असतील तर 24 हजारांवर एक रुपया जास्त घालू नका, आणि कर्ज तर नकोच.

आता तुम्ही न विचारलेलं. एफडीवर कर्ज मागितलं तर बँक ‘अजून एक वर्ष भरा’ म्हणत नाही. म्हणून तुम्ही पाठवलेला पावतीचा फोटो मोठा करून पाहिला. एफडीच्या पावतीवर व्याजदर असतो. तुमच्या पावतीवर तो कुठेच नाही. आहे ते ‘वार्षिक हप्ता 2,00,000’, ‘हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षे’, ‘पॉलिसीची मुदत 15 वर्षे’ आणि ‘विमा रक्कम 20,00,000’. सर, ही एफडी नाही. हा आयुर्विमा आहे. तुम्ही 2 लाखांचे दोन हप्ते भरलेत, आणि अजून आठ मागणार आहेत.

शाखेतल्या साहेबांनी सांगितलं, वीस लाखांचे तीस होतात, म्हणजे पन्नास टक्के नफा. हा हिशेब ऐकला की मला राग येतो. पैसे पंधरा वर्षं अडकतात, ते कोणी सांगत नाही. तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेदहा वर्षं आत राहतो. त्या काळात दीडपट म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. आणि ही रक्कम हाती येईल तेव्हा तुम्ही 73 वर्षांचे असाल.

हप्ते कुठून जातात, तेही तुम्हीच लिहिलंय: खऱ्या एफड्या मोडून. निवृत्तीचे 24 लाख होते, 20 उरले. व्याज घरखर्चाला लागतं. असंच चाललं तर 67 व्या वर्षी ठेवीत उरतील 4 लाख. मुलगा कमावता आहे, पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, तेव्हा या वयात विम्याची गरजही नाही.

‘आता सोडली तर भरलेले चार लाख बुडतील,’ असं तुम्हाला सांगतील. काही बुडतील, हे खरंच आहे. दोन लाखांच्या आसपास परत मिळतील असं धरा. पण ते दोन लाख आणि पुढचे आठ हप्ते सात टक्क्यांच्या साध्या ठेवींत राहिले, तर त्याच मुदतीत करापूर्वी पस्तीस लाख होतात. पॉलिसी देणार तीस.

मात्र लगेच सरेंडरच्या, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडायच्या, अर्जावर सही करू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, प्रत बँकेला द्या: ‘एफडी सांगून पॉलिसी विकली, पूर्ण रक्कम परत करा.’ साहेबांनी हाताने मांडून दिलेला हिशेबाचा कागद तुमच्याकडे आहे म्हणता, त्याची झेरॉक्स जोडा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच संपली, पण फसवून विकल्याची तक्रार अजून करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

त्याच अर्जात दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप (म्हणजे कमी रकमेची, पण चालू) ठेवली तर मुदतीअंती किती. दोन हप्ते भरून झाल्यामुळे तिसरा चुकला तरी सगळं शून्य होत नाही, पॉलिसी पेड-अप होते. त्यामुळे तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हप्ता भरत राहायचं कारण नाही.

हप्ता मार्चमध्ये तुमच्या बचत खात्यातून आपोआप वळता होतो. ती परवानगी रद्द करायचा अर्ज याच आठवड्यात शाखेत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.