बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरता यावं म्हणून राउटरवर व्हीपीएन सर्व्हर चालू केला. घरच्या वाय-फायवर फोन लगेच जोडला जातो, ऑफिसमधून मात्र जोडलाच जात नाही. काय चुकतंय?

चाचणी घरात बसून केलीत, ते चुकलं. वाय-फायवर असताना फोनने घराचा बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता मागितला तरी बरेच राउटर आतल्या आतच उत्तर देतात. सगळं हिरवं दिसतं. मीही हेच केलं होतं, तेही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अख्ख्या घरासमोर.

नागपूरला नंदनवनात आई-बाबा, मी पुण्यात. घरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, भाऊजींनी बसवलेला, म्हणजे मोठ्या ताईच्या यजमानांनी. त्यांनी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट आत वाट देऊन, डीव्हीआर सरळ इंटरनेटवर उघडा टाकला होता. पासवर्ड डब्यावर छापलेला तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच छापील पासवर्डवाले कॅमेरे नि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात ट्विटरसारख्या साइट काही तास पाडल्या. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या अंगणात काय आहे बे पाहाले? तुळस अन् तुझ्या बाबाची स्कूटर." धाकटा भाऊ असता तर सुनावलं असतं. जावयाला काय बोलणार?

त्या दिवाळीत जुनी तांब्याची लाइन काढून फायबर घेतलं. त्याच दिवशी मी नवा राउटर लावला, पोर्ट फॉरवर्ड उडवलं, ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचा एक प्रकार) चालू केलं, फोनवर जोडून दाखवलं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला आलो. हिंजवडीत उतरून पाहतो तर काही नाही. संध्याकाळी भाऊजींचा फोन, "माझं तर चालत होतं नं बाप्पा. तू हात लावला अन् बिघडलं."

पुढचे दोन आठवडे मी फोनवरून बाबांकडून राउटर दुरुस्त करून घेत होतो. बाबा निवृत्त शिक्षक. चष्मा कपाळावर, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर बोट ठेवून वाचायचे. एकदा म्हटलं, वॅनसमोरचा आकडा वाचा, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता. "शंभर. टिंब. ब्याऐंशी. टिंब..." मी गप्प झालो. बाबा म्हणाले, "शंभर आहे रे, म्हणजे चांगलंच असेल नं?"

नव्हतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी, ते केव्हाच पुरेनासे झाले. मग कंपनी शेकडो घरांमागे एकच खरा पत्ता लावते. याला सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून कोणी दार वाजवलं तर ते कोणाच्या घरचं हे कळत नाही. म्हणजे भाऊजींचं लाडकं पोर्ट फॉरवर्डसुद्धा या लाइनवर चाललं नसतं! मी हात लावला म्हणून नाही, लाइन बदलली म्हणून. हे त्यांना चार वेळा समजावलंय. दर सणाला तेच वाक्य ऐकतो.

शेवटी लाइनवाल्याकडून जास्तीचे पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा खरा पत्ता, घेतला. तरी अर्धा दिवस गेला, कारण राउटरने फोनसाठी आधी काढून दिलेल्या व्हीपीएनच्या फाइलमध्ये 'रिमोट'पुढे जुना शंभरवालाच पत्ता होता. फाइल नव्याने काढली. मग जोडणी झाली, पण घरची हार्डडिस्क उघडायला गेलो तर पुण्याच्या फ्लॅटचा राउटर उघडायचा. दोन्हीकडे घरातले पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होणारे. नागपूरचं बदलून १९२.१६८.३७ केलं, झालं. हे आजच बदलून टाका, पुढे प्रिंटर नि कॅमेरे वाढले की जिवावर येतं.

वॅनचा आकडा शंभरवाला नसेल तर फायबरचा डबा बघा. तो स्वतःच राउटर असेल तर तुमचा राउटर त्याच्या मागे बसलाय आणि वॅनमध्ये १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसेल. डबा ब्रिजवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल, नाहीतर त्यातून यूडीपी ११९४ (ओपनव्हीपीएनचं नेहमीचं पोर्ट) तुमच्या राउटरकडे पाठवा. खरा पण बदलता आयपी असेल तर डीडीएनएस लावा, म्हणजे पत्ता बदलला तरी एकाच नावाने घर सापडेल. सीजीनॅटवर डीडीएनएसचा काडीचा उपयोग नाही.

राउटरमध्ये वायरगार्ड (व्हीपीएनचा नवा प्रकार) असेल तर तेच घ्या, पोर्ट बहुधा ५१८२०. माझ्या राउटरला नव्हतं. पीपीटीपी हा जुना प्रकार दिसला तर हात लावू नका, त्याचं कुलूप २०१२ मध्येच फुटलंय. आणि मे महिन्यात लाइट गेली की राउटर नि फायबरचा डबा दोन्ही बंद पडतात. छोटा यूपीएस दोघांना मिळून लावा. मी फक्त राउटरला लावला होता. त्यावरही भाऊजी बोलले, आणि तेव्हा मात्र बरोबर बोलले.

तुमची लाइन कोणाची ते लिहिलं नाहीत. कंपनी स्टॅटिक आयपी देतच नसेल तर आयपीव्ही६ने, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याने, जमतंय का पाहा, नाहीतर बाहेर छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन घरचा राउटर त्याला जोडावा लागेल. तो खटाटोप वेगळा. तूर्त फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर जोडून बघा, आणि वॅनचा आकडा इथे टाका. सगळा नको, पहिले दोन भाग पुरेत.