वाऱ्याचे दिवस कमी झाले, की नोंदलेला वारा?

आपल्याकडील कृषी हवामान केंद्राच्या 1981 ते 2020 या काळातील नोंदींत, दिवसाचा सरासरी वेग ताशी 15 किलोमीटरच्या वर गेलेले दिवस जवळजवळ निम्म्यावर आले आहेत, तेव्हा वारा मंदावला असे म्हणावे का, असे आपण विचारले आहे. एवढ्यावरून मी तसे म्हणणार नाही, कारण दिवसांची मोजणी वेगातला बारीकसा फरकही फुगवून दाखवते. वाट्यांच्या ॲनिमोमीटरचे, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या उपकरणाचे, बेअरिंग झिजून वेग 5 टक्के कमी नोंदला जाऊ लागला, तर 15.6 चा दिवस 14.8 चा होऊन यादीतून गळतो, आणि मर्यादेच्या आसपास असे दिवस पुष्कळ असतात.

तेव्हा उपकरण कधी बदलले, कुठे हलवले आणि भोवती काय उभे राहिले, हे आधी शोधावे. कृषी केंद्रांवर ॲनिमोमीटर बहुधा 3 मीटर उंचीवर असतो. पश्चिमेला शेवग्याची रांग वाढली तरी त्याचा पावसाळी वारा अडतो. मीही एकदा असाच एक उतरता कल आठवडाभर कौतुकाने मांडत बसलो होतो. प्रत्यक्ष केंद्रावर गेलो तेव्हा कळले, की आलेख ज्या वर्षी खाली बसतो त्याच वर्षी कुंपणालगत गोदाम झाले होते. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत 1979 ते 2008 या काळात जमिनीलगतचा वारा 5 ते 15 टक्क्यांनी घटल्याचे 2010 मध्ये व्होतार या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवले, तेव्हा त्यातला 25 ते 60 टक्के भाग भूपृष्ठाच्या वाढत्या खडबडीतपणामुळे, म्हणजे जमिनीवरच्या झाडीसारख्या अडथळ्यांमुळे, असू शकतो, असेही त्यांनी नोंदवले होते.

जुन्या नोंदी सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशीच्या 8.30 पर्यंत उपकरणाच्या किलोमीटर-गणकात पडलेल्या फरकाला 24 ने भागून काढलेल्या असतील आणि नंतर स्वयंचलित यंत्र बसवले असेल, तर सांधा नेमका कुठे आहे हे पाहून दोन्ही भाग वेगळे तपासावेत. शेजारच्या केंद्राशी दरमहा गुणोत्तर काढल्यास असा सांधा सहसा पायरीसारखा उठून दिसतो.

यानंतरच मान-केंडाल चाचणी (कल खरा की योगायोगाचा, हे तपासणारी) आणि सेनचा उतार (दरवर्षी किती बदल, हे सांगणारा) काढावा, तोही जून ते ऑगस्टसाठी वेगळा. नोंदवहीत ज्या वर्षीच्या जुलैची पाने गहाळ असतील, ते वर्ष गाळावे. तिथे शून्य भरू नये.