पहिल्या परिषदेला जाताना

ब्राउझरमध्ये चालूनही संगणकावरील प्रोग्रॅमसारख्या काम करणाऱ्या रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशनवरील परिषदेला तुम्ही प्रथमच जात आहात, हे वाचून आनंद झाला. नवखे लोक बहुधा प्रत्येक सत्र गाठण्यासाठी धावपळ करतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्याची सरमिसळ होते. म्हणून दिवसाला मोजकी तीनच सत्रे निवडा. निवडताना केवळ साधनाच्या नावाला भुलू नका, कारण अशी अ‍ॅप्लिकेशन्स ब्राउझरमध्ये चालवणारा फ्लॅश प्लेयर २०२० च्या अखेरीस बंद झाला, परंतु ब्राउझरमधील माहिती सर्व्हरशी जुळती कशी ठेवावी, नेटवर्क तुटल्यास अ‍ॅप्लिकेशनने काय करावे, हे प्रश्न आजही कायम आहेत. सत्र संपल्यावर वक्त्यांना भेटून स्वतःच्या कामातील एकच नेमकी अडचण विचारा. अडलेला कोड लॅपटॉपवर आधीच उघडून ठेवा. संकोच मुळीच करू नका, वक्त्यांना असे प्रश्न मनापासून आवडतात.