वाचकांचे प्रश्न: सगळं काढून टाकलं म्हणजे धोका संपतो का?

गेल्या अंकात स्तनाच्या कॅन्सरवर थोडंसं लिहिलं आणि इतके मेसेज आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. नावं गाळलीत. प्रत्येकीचा रिपोर्ट वेगळा असतो त्यामुळे उपचार ठरवायचे ते तुमच्या डॉक्टरांबरोबरच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते इथून नक्की घेऊन जा.

प्रश्न: आई ५२ वर्षांची, उजव्या बाजूला अडीच सेंटीमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. सर्जन म्हणतात फक्त गाठ काढू आणि नंतर लाईट (रेडिएशन) देऊ. मामा आणि आत्या म्हणतात एकदाच सगळं काढा, अर्धवट ऑपरेशन कशाला. आई काहीच बोलत नाही. (मुलगी, सांगली)

उत्तर: ताई, आधी आईला एकटीला गाठून विचारा, मामांचं नंतर बघू. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गाठच काढणं म्हणजे अर्धवट ऑपरेशन, हा समज फार जुना आहे आणि तो डॉक्टरांचाच होता. शंभर वर्षांपूर्वी स्तन, छातीचे स्नायू, काखेतलं सगळं असं मिळून काढायचे, बाई वाचली तरी हात धड वर जायचा नाही. अमेरिकेतले सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १८५१ बायकांचा अभ्यास केला, काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढली, काहींची गाठ काढून वर रेडिएशन दिलं. प्रत्येकीवर वीस वर्षं लक्ष ठेवून २००२ मध्ये हिशोब मांडला तर तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. इटलीत सर्जन वेरोनेसींनी ७०१ बायकांवर वेगळा अभ्यास केला, तिथेही तेच दिसलं.

याचं कारण असं की जिवाला धोका स्तनात उरलेल्या भागापेक्षा रक्तातून आधीच कुठे गेलेल्या पेशींचा जास्त असतो, आणि त्या पेशी स्तन काढून सापडत नाहीत, त्यांच्यासाठी केमो किंवा हार्मोनची (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी) गोळी लागते. मात्र एक गोष्ट मामांना नाही तर आईलाच नीट सांगा: गाठ काढली तर रेडिएशन टाळायचं नाही. फिशरांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत १४ टक्के. "ऑपरेशन झालं, आता बरं वाटतंय, लाईटला कोण जाणार रोज" असं म्हणून घरी बसणाऱ्या बायका मी बघितल्यात, म्हणून जीव तोडून सांगतेय.

रोजच्या जाण्यायेण्याची चिंता असेल तर डॉक्टरांना विचारा की किती दिवसांचं रेडिएशन चालेल. पूर्वी पाच आठवडे, मग तीन आठवडे, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे चार हजार पेशंटच्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासात पाच दिवसांचा कोर्स तीन आठवड्यांच्या कोर्सइतकाच चांगला ठरला. सगळ्यांना तो लागू पडत नाही, पण विचारायला काय जातंय. गाठी एकाच स्तनात वेगवेगळ्या जागी असतील, त्या बाजूला आधी रेडिएशन झालेलं असेल किंवा गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल तर स्तन काढणं बरं असतं. आणि सगळं समजून घेऊनही आईच म्हणाली की मला पूर्णच काढायचंय, तर तेही बरोबर, निर्णय तिचा आहे.

प्रश्न: काखेचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. हात सुजतो, बांगड्या कोपराकडे सरकतच नाहीत. सगळे म्हणतात त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नकोस. (लातूर)

उत्तर: काकू, हा सल्ला आता मागे पडला. अमेरिकेतल्या संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना हळूहळू वजन वाढवत व्यायाम करायला लावला, २००९ मध्ये निष्कर्ष आले, सूज वाढली तर नाहीच, उलट सूज बळावण्याचे प्रसंग व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के आणि करणाऱ्यांत १४ टक्के. पण त्यांनी दाबाची बाही (हात घट्ट आवळून धरणारी) घालून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली होती, एकदम हंडा उचलला नव्हता. फिजिओथेरपिस्टला भेटा. बांगड्या काढून ठेवा, आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: वय ४४, शिक्षिका. ऑपरेशन, केमो सगळं होऊन दीड वर्ष झालं, रोज टॅमॉक्सिफेन घेते. अंगातून वाफा निघतात, रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो, झोप नाही, वर्गात चिडचिड होते, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत मग गोळी बंद केली तर? खरं सांगायचं तर अधूनमधून सोडतेच. (नाशिक)

उत्तर: खरं सांगितलंत ते फार चांगलं केलंत, कारण गोळ्या सोडणाऱ्या खूप आहेत आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

आधी गोळीचं मोल. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी पाच वर्षं घेतलेल्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, जगभरातले अभ्यास एकत्र करून हे २०११ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे गोळी थांबवल्यावरही फायदा चालूच राहतो. आणि आजचे नॉर्मल रिपोर्ट आजचंच सांगतात. हा प्रकार वीस वर्षांनीही परतू शकतो, म्हणूनच गोळी इतकी लांब चालते.

पण म्हणून दात-ओठ खाऊन सोसायचं असं अजिबात नाही! "जीव वाचला ना, मग वाफांचं काय घेऊन बसलीस" हे बायकांना घरातही ऐकावं लागतं आणि कधीकधी ओपीडीतही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण ज्या बाईला झोप नाही तिची गोळी सुटते आणि गोळी सुटली की धोका वाढतो. वाफांवर व्हेन्लाफॅक्सीन किंवा गॅबापेन्टिनसारखी औषधं डॉक्टर देऊ शकतात. मात्र नैराश्याच्या काही गोळ्या, म्हणजे पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम होऊ देत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा. कोरडेपणामुळे संबंधांच्या वेळी दुखत असेल तर त्यावरही उपाय आहेत, लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. अर्धी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कमी डोसचा चांगला परिणाम दिसलाय तो कॅन्सर दुधाच्या नळ्यांबाहेर पडायच्या आधीच्या अवस्थेत, तुमच्यासारख्या केसमध्ये नाही. पोटरी एका बाजूची सुजली, छातीत दुखून दम लागला किंवा भलत्याच वेळी रक्तस्राव झाला तर थांबू नका, लगेच दाखवा.

प्रश्न: सासूबाई ६३, स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलाय. डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत, फक्त गोळ्या आणि महिन्याला एक इंजेक्शन. शिवाय प्रश्नांचा एक फॉर्म भरायला दिलाय, त्यात झोप, दुखणं, मन असलं काहीबाही. डॉक्टरांनी आशा सोडली का? (सून, सोलापूर)

उत्तर: नाही, सोडलेली नाही. या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडेच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये शोधलं गेलंय. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर पसरलेल्या ३५० बायकांचा अभ्यास केला, निम्म्यांचं स्तन आणि काखेचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचं नाही. २०१५ मध्ये निकाल आला, ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. मग जखम, टाके, महिनाभराचं अंथरूण त्यांना कशाला द्यायचं? जखम चिघळली, रक्त यायला लागलं तर गोष्ट वेगळी.

गोळ्यांना कमी समजू नका. हार्मोनच्या गोळीबरोबर रायबोसिक्लिब (कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी) दिलेल्या बायका एका मोठ्या अभ्यासात सरासरी ६४ महिन्यांच्या आसपास जगल्या, नुसत्या हार्मोनच्या गोळीवर ५१. याच जातीतल्या पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्या, त्यामुळे खर्चाचं डॉक्टरांशी उघड बोला. इंजेक्शन बहुतेक हाडं मोडू नयेत म्हणून असेल. एखादंच हाड फार दुखत असेल तर रेडिएशनच्या एका बैठकीतही पुष्कळ आराम पडतो.

आता तो फॉर्म. अमेरिकेत कॅन्सर पसरलेल्या ७६६ पेशंटवर अभ्यास झाला, त्यात स्तनाचा कॅन्सर असलेल्याही होत्या. काही जणांनी आपला त्रास कॉम्प्युटरवर नियमित नोंदवला, वाढला की नर्सला कळायचं आणि ती फोन करायची. ते सरासरी ३१ महिने जगले, नेहमीच्या तपासणीवर असलेले २६. त्रास वेळेत कळला म्हणून असावं.

आपल्याकडचा नेहमीचा फॉर्म तीस प्रश्नांचा असतो, स्तनासाठी आणखी तेवीस, मराठीतही मिळतो, बहुतेक प्रश्नांचं एक ते चार आकड्यांत उत्तर द्यायचं, एक म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे खूप. आपल्या बायकांची अडचण अशी की मुलगा शेजारी बसलाय म्हटल्यावर सगळीकडे एक, "बरंय की मला". तेव्हा तुम्ही दोघीच बसा, मुलाला बाहेर पाठवा, आणि "दुखतं का" एवढंच न विचारता रात्री कूस बदलताना उठवतं का, संडासला बसून उठता येतं का असं विचारा आणि मग आकडा लिहा. पुढच्या तपासणीला तो कागद फाईलमध्ये खाली नाही, सगळ्यात वर ठेवा.