जुन्या मोटारीची सामानाची पेटी आणि तिच्याआड गेलेला दिवा

प्रश्न : आमच्या घरी आजोबांपासून चालत आलेली १९३० सालची चार दारांची फोर्ड मॉडेल ए मोटार आहे. जादा चाक पुढच्या मडगार्डच्या खळग्यात बसलेले असल्यामुळे मागची बाजू मोकळी आहे आणि तिथे जुन्या पद्धतीची सामानाची पेटी बसवावी, असे फार दिवस मनात आहे. उद्यमनगरातील एका फॅब्रिकेटरने पुठ्ठ्याचा नमुना गाडीला लावून दाखवला, तेव्हा लक्षात आले की मागच्या मडगार्डवरचा एकुलता टेल लाइट आणि त्याच्याबरोबरची नंबर प्लेट तिरके पाहिल्यास पेटीआड जाते. पेटीच्या झाकणावरच नवा दिवा लावावा, असे त्याचे म्हणणे आहे. आपला सल्ला हवा.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पेटी जरूर बसवा, पण दिवा झाकणावर लावू नका. ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. पन्हाळ्याला जाताना वाटेत सामान काढण्यासाठी रस्त्याकडेला थांबलो, झाकण उघडले आणि माझा टेल लाइट सरळ आभाळाकडे पाहू लागला. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला माझी गाडी दिसली ती केवळ त्याच्या स्वतःच्या दिव्यांमुळे. शिवाय झाकण रोज उघडझाप होत असल्याने बिजागरीपाशी वायर दुमडून दुमडून आतल्या आत तुटते, आणि बाहेरचे आवरण शाबूत असल्याने दोष लवकर सापडतही नाही.

दिव्याची योग्य जागा म्हणजे पेटीखालच्या कॅरिअरची चौकट. मागच्या बंपरचे ब्रॅकेट चासीला ज्या बोल्टांनी जोडलेले असतात, त्याच ठिकाणी थोडे लांब बोल्ट घालून कॅरिअरचे हात धरता येतात, त्यामुळे चासीला नवे भोक पाडावे लागत नाही. या चौकटीला उजव्या-डाव्या टोकांना लोखंडी पट्टीचे हात काढून, पेटीच्या मागच्या कडेच्या किंचित मागे येतील असे दोन दिवे आणि मध्ये किंवा एका बाजूला नंबर प्लेट बसवावी. मूळ दिवा व त्याचा ब्रॅकेट काढून टाकू नका. तो मडगार्डवर जसा आहे तसा जळत राहू द्या. मडगार्डमध्ये ड्रिल घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी तिची अट आहे. कॅरिअरसकट सगळे एका संध्याकाळी पाना घेऊन उतरवता आले आणि मागे एकही खूण उरली नाही, तर निरीक्षकाने विचारले तरी आपल्याला उत्तर देता येते.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांचे काम फसते, त्या वायरिंगकडे येऊ. आपल्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक चासीला जोडलेले आहे. ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब सहा व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतो, म्हणजे बारा व्होल्टच्या गाडीपेक्षा दुप्पट. बाजारात मिळणारी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर तीन मीटर ओढली, तर वाटेतच ०.४ व्होल्टच्या आसपास गळती होते. ऐकायला ही गळती क्षुल्लक वाटते, पण सहामधून ती गेल्यावर बल्बचा उजेड साधारण पंचमांशाने कमी होतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरा. अर्थिंगचा, म्हणजे चासीतून बॅटरीशी जुळणाऱ्या दिव्याच्या दुसऱ्या जोडाचा, प्रश्न याहून मोठा आहे. मडगार्डवरचा दिवा मडगार्डच्या पत्र्यातूनच अर्थ घेतो. कॅरिअरला पावडर कोटिंग केले की तोच रंग वीज अडवतो आणि नवा दिवा कधी लागतो, कधी मिणमिणतो, कधी ब्रेक दाबल्यावर विझतो. म्हणून प्रत्येक दिव्याच्या बुडापासून एक स्वतंत्र वायर थेट चासीपर्यंत न्यावी, जोडाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

वजनाचाही हिशेब करावा. पेटीचा मध्य मागच्या आसाच्या तीस इंच मागे आला असे समजू. तुमच्या गाडीच्या दोन आसांमधले अंतर १०३.५ इंच आहे. पेटीत गुळाचे तीस किलोचे दोन रवे ठेवले, तर मागच्या आसावर साठ नव्हे, सुमारे सत्याहत्तर किलो भार येतो आणि पुढची चाके सतरा किलोने हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागू लागले की लोकांना बरे वाटते. घाटातल्या वळणावर तसे वाटू नये. पेटीत कपडे, चादरी, जेवणाचा डबा एवढेच ठेवा आणि जॅक, हत्यारे मागच्या सीटसमोर पायांपाशी असू द्या.

पेटी बारा मिलिमीटरच्या जलरोधक प्लायवूडची करून वरून रेक्झिन चढवावे, तळाला पाणी जाण्यासाठी दोन भोके ठेवावीत आणि पेटी व कॅरिअर यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या घालाव्यात. चामड्याचे पट्टे चपला करणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांकडून उत्तम होतील, पण चामडे पावसात भिजले की सैल पडते. पट्ट्यांनी फक्त झाकण धरावे. पेटी स्वतः आतून चार बोल्टांनी कॅरिअरला आवळलेली असावी.

काम झाले की रात्री गाडी सपाट रस्त्यावर उभी करा आणि घरातल्या कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून स्वतः मोजून पंधरा मीटर मागे जा. तिथून नंबर वाचता आला पाहिजे. तांबडा दिवा नियमानुसार १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. सरळ मागूनच नव्हे, दोन्ही बाजूंनी तिरके उभे राहूनही पाहा, कारण पेटी आड येते ती तिथेच.

प्रश्न : वीज वाचावी म्हणून याच दिव्यांत एलईडी बल्ब घालावेत काय?
– तेच वाचक

उत्तर : घालता येतील, पण विकत घेताना धन टोक अर्थ असलेल्या गाडीला चालणारे सहा व्होल्टचे बल्ब मागा, नाहीतर ते लागणारच नाहीत. तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी हवा. पांढरा घातला तर उजेड फिका गुलाबी दिसतो. मात्र मूळ दिव्यात नंबर प्लेटवर उजेड पाडणारी पारदर्शक खिडकी असते आणि तांबड्या एलईडीने तुमचा नंबरही तांबडा होईल. त्यामुळे त्या एका दिव्यात जुना तारेचा बल्बच राहू द्यावा, किंवा प्लेटसाठी वेगळा छोटा पांढरा दिवा कॅरिअरवर लावावा.