पहिल्या चलानाचा कागद हाती आल्यावर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची नोटिशीची प्रत काल मिळाली. मर्यादा ताशी ५० किलोमीटर, नोंदलेला वेग ६५, गाडी चालवू लागल्यापासूनचे पहिलेच चलान, आणि पत्राच्या अगदी शेवटी 'भरून टाकू की लढू?' हा एका ओळीचा प्रश्न. त्या ओळीच्या आधीची दोन पाने तू रागाच्या भरात लिहिली आहेस. इतर गाड्या तुझ्याहूनही जोरात होत्या, रस्ता मोकळा होता, कॅमेरा झाडाआड होता, असे तुझे म्हणणे. तो राग मला समजतो. पण त्यातले एकही कारण सुनावणीत टिकणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इतरही जोरात जात होते असे म्हणताना आपणही जोरात होतो हे आपण कबूल करत असतो. कॅमेरा आडोशाला होता एवढ्यावरून वेगाची नोंद सहसा खोटी ठरत नाही. आणि 'माझ्या मनात तसे काही नव्हते' या म्हणण्याला या प्रकारच्या गुन्ह्यात फारसा अर्थ नसतो, कारण बहुतेक कायद्यांत इथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. वेग सिद्ध झाला की पुरे होते.

तुझ्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय तुला निर्णय घेता येणार नाही. मी त्या वेगाने खरोखर जात होते का, हा पहिला. समोरचा कागद ते नीट सिद्ध करतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फक्त तुला ठाऊक आहे आणि ते तू मलासुद्धा सांगायला बांधील नाहीस. पण स्वतःशी ते स्पष्टपणे दे, कारण त्याच्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. आपण वेगात होतो हे माहीत असूनही नोंदीची शहानिशा मागण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यात अप्रामाणिक काही नाही. मात्र शपथेवर 'मी वेगात नव्हते' असे सांगायचे असेल, तर ते खरेच असले पाहिजे. शंभर रुपये असोत वा लाख, दंड वाचवण्यासाठी खोटी शपथ घेणे हा मूळ चुकीपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे.

माझे पहिले चलान आले तेव्हा मी तुझ्याइतकीच तरुण होते आणि तुझ्याइतकीच चिडले होते. ते मी पुरते न वाचता खणात टाकले. मुदत उलटली, दंड वाढला आणि सुनावणी मागण्याचा हक्कही गेला. पुढे वाढीव रक्कम भरण्यासाठी तो कागद बाहेर काढला, तेव्हा दिसले की त्यावरच्या वाहन क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटसुलट होते. ती गाडी माझी नव्हतीच. एका साध्या अर्जाने ते प्रकरण मिटले असते, पण अर्जाची वेळ मी घालवली होती. तेव्हापासून असा कागद आला की मी सगळ्यात आधी मुदतीची तारीख शोधते आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवते. तूही आज तेवढे तरी कर.

मग नोटीस वाच. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका वाचावी तशी, प्रत्येक शब्दावर थांबून. वाहन क्रमांक, वाहनाचा प्रकार आणि रंग, ठिकाण, रस्त्याची बाजू, तारीख, वेळ, लागू असलेली मर्यादा, नोंदलेला वेग, यंत्राचा क्रमांक आणि कायद्याचे कलम, असे सगळे तपास. टंकलेखनातल्या लहानशा चुकीने चलान आपोआप रद्द होते असा एक समज आहे, तो सोडून दे. नावातली वेलांटी चुकली म्हणून कोणी सोडत नाही. पण चूक जर दुसरेच वाहन, दुसरीच मर्यादा किंवा दुसरीच वेळ दाखवत असेल, तर ती गाभ्याची चूक आहे. नोटीस निघाल्याची तारीखही पाहा. काही देशांत ती ठरावीक दिवसांत यावी असे बंधन असते. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, कॅमेऱ्यात सापडलेल्या वाहनाच्या नोंदणीकृत धारकाला ती सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आत पोहोचावी लागते. नोटीस गाडीच्या मालकाच्या नावे आली असेल आणि चाक दुसऱ्याच्या हाती असेल, तर चालकाचे नाव कळवण्याची वेगळी मुदत असू शकते. नोटीस फोनवरच्या संदेशातून आली असेल, तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नकोस. वाहतूक विभागाच्या अधिकृत ठिकाणी स्वतः जाऊन चलानाचा क्रमांक तपास, कारण खोट्या चलानांचे संदेश पाठवून खाती रिकामी करणारे लोक आहेत.

आता यंत्राकडे वळू. हा भाग तू वर्गात शिकलेली आहेस, म्हणून इथे जरा रेंगाळते. भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेल्या परिणामावर वेग मोजणारे रडार चालते. यंत्रातून निघालेली लहर धावत्या गाडीवर आदळून परतते तेव्हा तिची वारंवारता बदललेली असते, २४.१५ गिगाहर्ट्‌झच्या रडारमध्ये हा बदल ताशी प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ४५ हर्ट्‌झ असतो, आणि तो अचूक मोजणे अवघड नाही. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. रडारचा झोत पुढे जाताना पसरतो. त्याच्या टप्प्यात दोन वाहने असतील, तर मोजलेला वेग नेमका कोणाचा हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः मागे किंवा शेजारी एखादे अवजड वाहन असेल तेव्हा, कारण मोठ्या धातूच्या पृष्ठभागावरून परतणारी लहर अधिक जोरकस असते. लेसर मात्र प्रकाशाचे क्षणिक ठोके पाठवून अंतर कसे बदलते ते पाहतो आणि त्याचा झोत अरुंद असतो, त्यामुळे वाहनांची अदलाबदल तिथे कमी संभवते.

यंत्र रस्त्याच्या कडेला तिरके होते, म्हणून आकडा वाढला असेल, असे तू लिहिले आहेस. कोज्या (कोसाइन) आठव: वेगाचा जेवढा भाग यंत्राच्या दिशेने असतो, तेवढाच त्याला दिसतो. गाडीच्या दिशेशी २० अंशांचा कोन करून बघणाऱ्या साध्या रडारला ६५चा वेग सुमारे ६१ दिसतो, म्हणजे तिरकेपणाचा फायदा चालकालाच होतो. जी यंत्रे मुद्दाम ठरावीक कोनात बसवलेली असतात आणि त्या कोनाची दुरुस्ती आपणच करून आकडा देतात, त्यांचा कोन हलला तर मात्र चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. म्हणून हा वाद तोंडी घालू नकोस. यंत्राच्या शेवटच्या पडताळणीचा दाखला, त्यावरची तारीख आणि मूळ छायाचित्र लेखी मागून घे. दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून सरासरी काढली असेल, तर तिथे वादाला फारशी जागा नसते. ६ किलोमीटर अंतर ४ मिनिटांत कापले, तर सरासरी ९० होते. घड्याळ एका सेकंदाने चुकले असे मानले तरी ती ८९.६ राहते.

'काटा ६०च्या खाली होता' हेही तुझे एक वाक्य आहे. त्यातच मर्यादा ओलांडल्याची कबुली आहे हे तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही, तेव्हा ते कुठेही लिहून देऊ नकोस. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे अनेक देशांत मोटारी बनतात, तिच्यानुसार वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही. जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकाच. म्हणजे खरा वेग ६५ असता, तर काटा ६५ ते साडेपंच्याहत्तरच्या दरम्यान असायला हवा होता. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर हे गणित बिघडते, आणि तसे असेल तर ती आधी दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, बचावाची नव्हे. जर्मनीत मोजलेल्या वेगातून ताशी १०० किलोमीटरपर्यंत सहसा ३ किलोमीटर वजा करूनच दंड ठरवतात. तुला लागू असलेल्या नियमात अशी वजावट आहे का आणि ती तुझ्या ६५मधून झाली आहे का, हेही विचारून घे.

जागेवर एकदा जाऊन ये. त्याच दिशेने, शक्यतो त्याच वेळी आणि चालत. मर्यादेचा फलक कुठे आहे, चालकाला तो किती अंतरावरून दिसतो, त्यावर फांदी आली आहे का, मध्ये एखादा फाटा आहे का की ज्यातून आत शिरणाऱ्याला फलक भेटतच नाही, हे डोळ्यांनी पाहा आणि छायाचित्रे घे. तुझी हरकत खरोखर उभी राहील अशी जागा मला वाटते ती हीच, किंवा मघाच्या दोन वाहनांची. तू पाठवलेल्या प्रतीत तुझ्या गाडीच्या डावीकडे एका मालवाहू गाडीचा कोपरा दिसतो आहे. छपाई इतकी पुसट आहे की ती गाडी चालती आहे की उभी, ते कळत नाही. म्हणून मूळ छायाचित्र हवे.

पैशांचा विचार करताना दंडाची रक्कम ही सगळी किंमत धरू नकोस. कित्येक ठिकाणी दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे असते. त्यापाठोपाठ परवान्यावर दंडाचे गुण चढू शकतात आणि विम्याचा हप्ता वाढू शकतो. उलट काही ठिकाणी पहिल्या चुकीला सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग करून ती नोंद टाळता येते, आणि तशी सोय असेल तर ती न विचारता सोडण्यात शहाणपण नाही. लढण्यालाही किंमत आहे. त्यात रजा जाते, खेटे होतात, कधी सुनावणीचा खर्च अंगावर पडतो आणि लवकर भरल्यास मिळणारी सवलत हातची जाते. एवढ्या वेगासाठी वकील लावावा असे मला वाटत नाही. परवानाच जाण्याची वेळ असती किंवा कोणाला इजा झाली असती, तर एक दिवसही न घालवता वकिलाकडे जा असे सांगितले असते.

एक हिशेब मात्र तुझ्या हाताने कर, दंड भरलास तरी आणि न भरलास तरी. कोरडा रस्ता, एका सेकंदात ब्रेकवर पाय आणि दर सेकंदाला सेकंदामागे ७ मीटरने घटणारा वेग, एवढे धर. ५०ने जाणारी गाडी सुमारे २८ मीटरवर उभी राहते. ६५ने जाणारीला ४१ मीटर लागतात. पण खरा प्रश्न पुढचा आहे: पहिली गाडी जिथे थांबली, तिथे पोहोचताना दुसरीचा वेग किती? मी मांडून पाहिले, तो जवळजवळ ५० येतो. म्हणजे त्या २८ मीटरवर रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर एका गाडीपुढून ते पलीकडे निघून जाते आणि दुसरी त्याच्यावर पूर्ण पन्नासच्या वेगाने आदळते. आणि १० किलोमीटरच्या वाटेवर या जास्तीच्या वेगाने वाचतात ती पावणेतीन मिनिटे. मला तुझ्या दंडापेक्षा या आकड्याची काळजी अधिक वाटते, म्हणून तू न विचारताही हे लिहिते आहे.

तुझ्या बाबतीत माझे मत असे आहे. आज पैसे भरू नकोस आणि हरकतीचा अर्जही लगेच देऊ नकोस. प्रथम मूळ छायाचित्र, यंत्राचा प्रकार आणि पडताळणीचा दाखला यांची मागणी करणारे चार ओळींचे पत्र दे. त्यात घटनेचे वर्णन नको, खंत नको आणि वेगाबद्दल एक शब्दही नको. मात्र या मागणीमुळे मुदत थांबते असे गृहीत धरू नकोस, ते लेखी विचारून घे. छायाचित्रात ती मालवाहू गाडी उभी असेल आणि दाखला चालू असेल, तर दंड भरून टाक. त्यात कमीपणा काही नाही. ती चालती असेल आणि मोजमाप रडारने झाले असेल, तर सुनावणी माग. तिथे वेळेआधी पोहोच, कागद तारखेच्या क्रमाने लावून ने, आणि एवढेच विचार की या आकड्याचे वाहन हेच, हे कशावरून ठरवले. मला यंत्रातले कळते हे दाखवण्याच्या भरात लांबलचक बोलू नकोस. निकाल देणाऱ्यासमोर त्या दिवशी अशी पुष्कळ प्रकरणे असतात आणि एका नेमक्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष जाते.

नोटिशीवरच्या तारखेप्रमाणे तुझ्या हातात अजून अकरा दिवस आहेत. पत्र उद्याच दे आणि त्याची पोच घ्यायला विसरू नकोस. छायाचित्र आले की मला पाठव; भिंग घेऊन आपण दोघी ते नीट पाहू.

तुझ्या,
बाई