त्या भिजलेल्या शर्टाचं काय?

पत्र: ताई, लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. जळगावला माझी सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. सासूबाई कानबाईला नवस बोलल्या आहेत. हे मात्र देवमाणूस, एका शब्दाने टोचत नाहीत. केळी आणि कपाशीत राबतात. फवारणीचा पंप गळतो म्हणून शर्ट पाठीवर भिजलेला असतो, तोही मीच धुते. आता काय करू?
– एक सून, रावेर तालुका

अगं, सासूबाईंचा नवस राहू दे बाजूला. मला तो शर्ट सोडवत नाहीये. औषध त्याच्या पाठीवर आणि तपासण्या तुझ्या?

अंगावर सांडलेलं औषध कातडीतून आत जातं. काही कीटकनाशकं शरीरात हार्मोनची नक्कल करतात, काही पुरुषी हार्मोनचं काम अडवतात. एंडोसल्फान या अशाच एका कीटकनाशकावर 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी आणली, तोवर ते आपल्याकडे सर्रास फवारलं जायचं. आणि तुम्ही तर केळीवाले! केळीच्या मुळांतल्या सूत्रकृमींवर परदेशात डीबीसीपी नावाचं औषध वापरत. ते थेट वृषणावरच घाला घालायचं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कामगारांमध्ये शुक्राणू फार कमी, काहींत अजिबातच नाहीत, असं आढळलं. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत कित्येक मजूर कायमचे वांझ झाले. हो, पुरुषही वांझ असतो.

तुमच्या घरी फवारणीमुळेच अडलंय असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि सहा वर्षांत ते कोणी तपासलंच नाही. एका शब्दाने टोचत नाही याचं तुला कौतुक आहे. मला नाही. "माझीही तपासणी करा" एवढं तरी त्याने बोलायला हवं होतं! तुझ्या नळ्या तपासताना तो बाहेर बाकावर बसला होता ना?

म्हणून एकच कर. त्याची वीर्यतपासणी होईपर्यंत तू दवाखान्याची पायरी चढायची नाहीस, उपासतापास नाही, नवस नाही. त्याला ना सुई टोचायची, ना भूल द्यायची. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस्स. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून रिपोर्ट बिघडलेला आला तर गळका पंप तसाच दुसऱ्याच्या पाठीवर न ढकलता आधी तो दुरुस्त करायचा, त्याने औषधापासून लांब राहायचं आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासायचं.

आणि तो शर्ट आजपासून वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, त्याचा त्याने धुवायचा.